मदत हवी आहे: बाबांची चांदीची नाणी आणि ग्रेडिंगवर किती विश्वास ठेवावा?

पावली:

नमस्कार मंडळी.

बाबांनी जमवलेली नाणी आता आम्हा दोघा भावंडांत वाटायची आहेत. भांडण अजिबात नाही. पण दादाला त्याचा वाटा विकायचा आहे आणि मला माझा जपायचा आहे, म्हणून कुठलं नाणं किती मोलाचं हे दोघांनाही पटेल असं कुणीतरी सांगायला हवं. एका प्रदर्शनातला विक्रेता म्हणाला, "ग्रेडिंग करून आणा, किंमत कुठल्या कुठे जाईल." (ग्रेडिंग म्हणजे कंपनीकडून नाणं तपासून त्याच्या अवस्थेला आकडा मिळवणं, नाणं मग बंद डबीत परत येतं.) त्याच दिवशी दुसरा एक जुना विक्रेता म्हणाला, "ताई, पैसे नाण्याचे मिळतात, डबीचे नाही." दोघंही माहितगार वाटले, त्यामुळे मी जास्तच गोंधळले आहे.

संग्रहात बहुतेक चांदीचे रुपये आहेत. चौथ्या विल्यमचा १८३५चा एक, व्हिक्टोरियाचे १८४०चे काही, १८६२चे बरेच, मग एडवर्ड आणि पाचवा जॉर्ज. १९११चा एक रुपया बाबांनी वेगळ्या कागदात गुंडाळून ठेवला होता. १९४७चा वाघाचा निकेलचा रुपयाही आहे. शिवाय एका पुरचुंडीत शिवराया, म्हणजे मराठेशाहीतली तांब्याची नाणी आहेत, साधारण मूठभर. यांतले काही रुपये आमच्याकडे दर वर्षी लक्ष्मीपूजनाला ताटात असायचे, आणि आजी ते आधी चिंचेने लख्ख करायची. दोन नाण्यांना कधीतरी सोनाराकडून कडी लावून घेतलेली होती, ती नंतर काढलेली दिसते.

ग्रेडिंगबद्दल मी वाचलं ते थोडक्यात असं: अमेरिकेत पीसीजीएस आणि एनजीसी या दोन मोठ्या कंपन्या आहेत, पहिली १९८६ पासून काम करते, दुसरी १९८७ पासून. त्या नाणं खरं आहे का हे बघतात, १ ते ७० मधला आकडा देतात आणि बंद प्लास्टिकच्या डबीत घालून परत पाठवतात. ६० पासून पुढचे आकडे न वापरलेल्या नाण्यांसाठी.

प्रदर्शनात मी १८४०चे दोन रुपये शेजारी शेजारी पाहिले. एकाच कंपनीच्या डबीत, दोन्हींवर ६३. एकाच्या गालावर ठळक ओरखडे, चकाकी मात्र उत्तम. दुसरा स्वच्छ पण निस्तेज. मला दुसरा आवडला, विक्रेता पहिल्याचे जास्त मागत होता. आकडा सारखा असताना असं का? आणि असं असेल तर त्या आकड्याच्या जोरावर मी दादाला "हे तुझं, हे माझं" असं कसं सांगू?

तर माझा प्रश्न: या आकड्यावर किती विसंबावं? आमच्यासारख्या संग्रहाला ग्रेडिंग करून घेण्यात अर्थ आहे का? आणि शिवरायांचं काय करायचं?

अधेली:

ताई, सगळ्यात आधी एक विनंती. आता एकही नाणं घासू नका, पुसू नका, साबण लावू नका. बाकी सगळं सावकाश ठरवता येईल.

ग्रेडिंग कंपनी दोन वेगळी कामं करते आणि लोक ती एकच समजतात. नाणं अस्सल आहे का, हे एक काम. त्याची अवस्था कितव्या पायरीची, हे दुसरं. पहिल्या कामात या मोठ्या कंपन्यांवर माझा बराच भरवसा आहे. दुसऱ्यावर, आकड्यातल्या एका पायरीपुरता, फार कमी.

आकड्याचा उगम बघा. विल्यम शेल्डन या अमेरिकन अभ्यासकाने १९४९ मध्ये ही मोजपट्टी मांडली, तीही सुरुवातीच्या अमेरिकन तांब्याच्या सेंटपुरती, आणि अवस्थेची सांगड किमतीशी घालायला. कल्पना अशी की ७० चं नाणं १ च्या नाण्याच्या सत्तरपट किमतीचं. ते गणित लवकरच मोडलं, आकडे मात्र राहिले. १९७७ मध्ये अमेरिकन न्युमिस्मॅटिक असोसिएशन या नाणेसंग्राहकांच्या संघटनेने ते आपल्या मानकात घेतले आणि पुढे जगभरच्या नाण्यांना लागू झाले. म्हणजे आपल्या कलकत्ता-मुंबई टांकसाळींच्या रुपयांसाठी ही पट्टी कुणी बनवलीच नव्हती.

कंपनीत एकाहून जास्त जण स्वतंत्रपणे नाणं बघतात, नाणं कुणाचं हे त्यांना ठाऊक नसतं, मग अंतिम आकडा ठरतो. पद्धत चांगली आहे. तरी हे शेवटी डोळ्यांनी दिलेलं मत आहे. ओरखडे, चकाकी, छाप किती खोल बसली आहे आणि एकूण देखणेपण, हे चारही एका आकड्यात कोंबायचे असतात. तुम्ही पाहिलेल्या दोन रुपयांचं उत्तर यातच आहे. एकाचे गुण चकाकीवर मिळाले, दुसऱ्याचे स्वच्छतेवर, बेरीज मात्र तीच आली. तुम्हाला निस्तेज पण स्वच्छ नाणं आवडलं तर ती आवड योग्यच आहे, संग्राहकाने असंच निवडावं.

१९९० मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांची फसवणूक रोखणारी सरकारी संस्था) पीसीजीएसवर ठपका ठेवला होता, की ग्रेडिंग पूर्ण वस्तुनिष्ठ आणि कायम सारखंच असतं अशी जाहिरात दिशाभूल करणारी आहे. प्रकरण तडजोडीने मिटलं. त्याच देशात डबी फोडून तेच नाणं पुन्हा पाठवायचं आणि एक आकडा वर मिळतो का बघायचं, हा कित्येक विक्रेत्यांचा नेहमीचा उद्योग आहे. जिथे ६४ आणि ६५ मध्ये किमतीची मोठी उडी असते तिथे फीचे पैसे सहज सुटतात. यामुळे "या आकड्याची इतकीच नाणी आहेत" असे जे तक्ते कंपन्या देतात, त्यांत एकच नाणं दोनदा मोजलेलं असू शकतं.

अस्सलपणातही चूक होते, पण ती कशी निस्तरली जाते ते महत्त्वाचं. १८९६, १९०० आणि १९०२ या सालांचे, बारीक 'ओ' खूण असलेले न्यू ऑर्लिन्स टांकसाळीचे मॉर्गन डॉलर (चांदीची जुनी अमेरिकन नाणी) कित्येक दशकं दुर्मीळ अस्सल प्रकार म्हणून विकले गेले, डब्यांतही गेले. २००५ मध्ये पीसीजीएसने जाहीर केलं की ती जुन्या काळातली बनावट नाणी आहेत. ज्यांच्याकडे तिच्या डबीतली होती त्यांना हमीनुसार भरपाई मिळू शकली. सुट्या नाण्याला असं कुणी वाली नसतं. मी डबीचे पैसे मोजतो ते या हमीसाठी.

मात्र डबीच खोटी असू शकते. पीसीजीएस आणि एनजीसी दोघांच्याही हुबेहूब बनावट डब्या बाजारात आहेत, आणि त्यांवरचा क्रमांक खऱ्या नाण्याचा उचललेला असतो. त्यामुळे कंपनीच्या संकेतस्थळावर क्रमांक सापडला एवढ्यावर खूश होऊ नका. तिथे फोटो असेल तर ओरखडा न् ओरखडा, डाग न् डाग जुळवा.

आता तुमचा संग्रह. चिंचेने घासलेल्या रुपयांना आकडा मिळणारच नाही. "डिटेल्स" असा शेरा येईल, म्हणजे नक्षी अमुक अवस्थेची पण पृष्ठभाग साफ केलेला. कडी काढलेल्या दोघांचंही तेच होईल. नाणं दिव्याखाली हळूहळू तिरपं करा. एकाच दिशेने जाणाऱ्या केसासारख्या बारीक रेषा दिसल्या तर ते घासलेलं आहे. असे रुपये, आणि वापरून झिजलेले साधे १८६२ किंवा जॉर्जचे रुपये, ग्रेडिंगला पाठवणं म्हणजे फी आणि कुरियर वाया.

शिवरायांबाबत माझं मत ठाम आहे. त्या हाताने ठोकलेल्या आहेत. साचा मोठा, तांब्याचा तुकडा लहान, म्हणून 'श्री राजा शिव' मधली कुठली अक्षरं नाण्यावर उतरली यावर सगळं मोल असतं. अक्षरं कशी वळवली आहेत, बिंदू कुठे आहेत, मागे 'छत्रपती' किती दिसतं, हे सांगणारा माणूस इथे महाराष्ट्रातच सापडेल, अमेरिकेत नाही. नाशिकजवळ अंजनेरीला १९८० पासून नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे, तिथल्या संग्रहालयात एक चक्कर मारा. पाहून पाहून नजर बसते.

ढब्बू:

अधेलींनी सविस्तर लिहिलंच आहे, पण सगळ्यात मोठी अडचण राहिली. कायदा.

पुरावस्तू आणि कलासंपत्ती अधिनियम, १९७२ प्रमाणे शंभर वर्षं किंवा त्याहून जुनं नाणं ही पुरावस्तू आहे, आणि पुरावस्तू देशाबाहेर पाठवण्याचा अधिकार केंद्र सरकार किंवा त्याने नेमलेल्या संस्थेलाच आहे. ताई, तुमचे १८३५, १८४०, १८६२, १९११ चे रुपये आणि सगळ्या शिवराया यात बसतात. "मी पाठवतो, काळजी करू नका" असं कुणी म्हणालं तर नाणं कुठल्या देशात जाणार, कुठल्या कागदावर जाणार आणि परत येताना सीमाशुल्काचं काय, हे लेखी विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर नाणं हातातून सोडू नका. बाबांची आठवण कस्टमच्या कपाटात अडकायला नको. वाघाच्या १९४७ च्या रुपयाला ही आडकाठी नाही, पण तो इतका सहज मिळतो की खर्च निघणार नाही.

अस्सलपणाची पहिली चाळणी घरीच करता येते. १८३५ पासूनच्या या रुपयांचं प्रमाण वजन ११.६६ ग्रॅम, चांदी ९१.७ टक्के. सोनाराकडच्या काट्यावर तोला. झिजलेलं नाणं थोडं हलकं भरेल, जड भरलं तर संशय घ्या. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणा आणि नाणं दोऱ्याने पाण्यात असं सोडा की पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही. काटा साधारण १.१३ ग्रॅम दाखवेल. पूर्ण वजनाला या आकड्याने भागलं की १०.३ च्या आसपास यायला हवं. ९ च्या खाली आलं तर आत चांदी नाही. नंतर नाणं स्वच्छ सुती कापडावर ठेवून आपोआप वाळू द्या.

पावली:

दोघांचेही मनापासून आभार. कायद्याची गोष्ट प्रदर्शनात कुणीही बोललं नाही, याचं वाईट वाटलं. दादाला धागा वाचून दाखवला. परदेशी काही पाठवायचं नाही हे आमचं ठरलं.

आता दोन गोष्टी विचारते. ग्रेडिंगशिवाय वाटणी कशी करावी? आणि बाबांनी १८६२चे इतके रुपये का ठेवले असतील? मला तर सगळे एकसारखे दिसतात.

अधेली:

वाटणीसाठी एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन जाणकारांना सगळी नाणी दाखवा. किंमत विचारताना विकत घेणार का हे विचारू नका, नुसता अंदाज लेखी मागा. ज्या नाण्यांवर दोघांच्या अंदाजात फार फरक पडेल तेवढीच बाजूला काढा. मग एकाने दोन वाटे करावेत आणि दुसऱ्याने आधी उचलावा. १९११चा मात्र वेगळा बोला. त्यावर राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली आणि पुढच्या वर्षी नक्षी बदलली, म्हणून त्याला मागणी असते. बाबांनी उगाच वेगळ्या कागदात ठेवला नव्हता.

१८६२चे एकसारखे नाहीत. ते साल गोठवून १८७४ पर्यंत तोच रुपया पाडत होते. मुंबई टांकसाळीच्या नाण्यांवर मागच्या बाजूला बारीक ठिपके आहेत, त्यांची संख्या आणि जागा बदलत जाते, आणि ते प्रत्यक्ष पाडल्याचं वर्ष दाखवतात असं मानलं जातं. ठिपक्यांचे काही प्रकार साधे, काही खरोखर विरळ. बाबा बहुधा तेच जमवत होते, म्हणून वाटणीआधी हा गठ्ठा मोडू नका. आणि ही नाणी मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकच्या पाकिटात असतील तर आजच काढा, त्या प्लास्टिकने हिरवट चिकटा धरतो. मग भिंग घेऊन बसा, तारखेच्या खालचे ठिपके मोजा आणि दोन्ही बाजूंचे फोटो इथे टाका. आपण एकेक ओळखू.