मदत हवी आहे : येऊरच्या उतारावर साहसी खेळांचं उद्यान, हरकत कशी घ्यायची?

डोंगरपायथा
ठाण्यात कुणी अशी हरकत घेतली आहे का? कृपया लवकर सांगा, वेळ फार कमी आहे. आमच्या मागच्या उतारावर झिपलाइन, दोरीचे पूल, लोखंडी मनोरे आणि उंच घसरगुंड्या बसवणार आहेत. आखणीची फक्की मारून झाली, चार खड्डेही खणले. रेषा थेट कारवीच्या झुडपांतून गेली आहे. काल सकाळी एका खड्ड्यात उतरून पाहिलं. गुडघाभर खोल आहे, दोन दिवस पावसाचा थेंब नाही, तरी डोंगराकडच्या बाजूने पाणी झिरपतंय. तिथे काँक्रीट ओतलं तर हे पाणी जाणार कुठे? कार्यालयात "लेखी द्या" एवढंच सांगितलं. काय लिहू?

आवकजावक
जागा कुणाची? वनखात्याची, पालिकेची की खासगी? सूचना कुठे छापून आली? शेवटची तारीख? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

झाडपाला
सरळ राष्ट्रीय हरित लवादात जा, पर्यावरणाचे खटले तिथेच चालतात. खंडपीठ पुण्याला आहे. भरपाई मागायची नसेल तर शुल्क १,००० रुपये. खाडीतल्या भरावासाठी आम्ही तेच केलं. हरकती फायलीत पडून राहतात.

आवकजावक
झाडपाला, एकदम लवाद नको. हरकतीची मुदत घालवून तिकडे गेलात तर "तेव्हा गप्प का होता" हेच विचारतील. आधी हातात पोच हवी.

झाडपाला
आणि तोवर काँक्रीट पडलं तर? लवादाची सहा महिन्यांची मुदत वादाचं कारण पहिल्यांदा घडल्यापासून मोजतात. हरकत द्या, पण वाट बघत बसू नका. इर्शाळवाडीला १९ जुलै २०२३च्या रात्री दरड कोसळून काय झालं ते विसरलात का?

आवकजावक
इर्शाळवाडी गडाच्या कुशीतली वस्ती होती, तिथे असं खोदकाम नव्हतं. अशी तुलना अर्जात आली तर समोरचा तेवढीच खोडून काढेल आणि झिरपणारं पाणी बाजूला राहील.

सानूची_आई
मी खेळाच्या बाजूने आहे. आमच्या संकुलात मुलांना पळायलाही जागा नाही. विरोध करताना "खेळ नको" असं लिहू नका, खाली सपाटीवर जागा सुचवा.

सुरक्षित_खेळ
घसरगुंडीखाली वाळूपेक्षा रबरी फरशी बरी. वाळूत मांजरं घाण करतात.

डोंगरपायथा
सानूची आई, पटलं. खाली मैदान आहे, पण त्यावर गाड्या लागतात. तेच मोकळं करून द्या असं लिहिते. रबराचा प्रश्न नाही हो, तिथे काही बसूच नये म्हणून धडपडतेय. आवकजावक, जागा पालिकेची म्हणतात, सातबारा पाहिलेला नाही. सूचना विकास आराखड्यातलं जागेचं आरक्षण बदलण्याची आहे. अकरा दिवस उरलेत.

आवकजावक
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं, ताई. नगररचना कायद्याच्या कलम ३७ची सूचना असेल तर हरकतीला एक महिना मिळतो. सर्व्हे नंबर घाला, सुनावणी मागा आणि दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का घ्या. शंभर सह्यांच्या एका झेरॉक्सपेक्षा दहा जणांच्या आपापल्या शब्दांतल्या हरकती बऱ्या. सोबत १० रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज टाका. उत्तराला ३० दिवस लागतात, म्हणून त्यावर विसंबू नका.

रानवाटा
संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाभोवतीच्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राची अधिसूचना ५ डिसेंबर २०१६ची आहे. क्षेत्राची रुंदी कुठे १०० मीटर, कुठे ४ किलोमीटर. नकाशा सोबतच आहे, तुमचा सर्व्हे नंबर आत येतो का बघा. येत असेल तर त्या क्षेत्रावर देखरेख ठेवणाऱ्या सनियंत्रण समितीलाही प्रत द्या. आणि कारवीचं जरूर लिहा. २०२४ला फुलली, आता पुन्हा २०३२ला. मधल्या वर्षांत ती नुसतं झुडूप दिसते, म्हणून सरसकट कापतात. उताराची माती तीच धरून ठेवते.

पाड्यावरची
आम्ही वरच्या पाड्यातले. पावसाच्या तोंडावर शेवळं, श्रावणात कंटोळी अशा रानभाज्या त्याच उतारावरून आणतो आणि ठाण्याच्या बाजारात विकतो. आम्हाला कुणी विचारलं नाही. हरकत आम्हीपण देऊ, लिहून कोण देईल?

खवय्या_ठाणे
शेवळं काकडांशिवाय, म्हणजे त्या आंबट रानफळांशिवाय, करू नका, घसा खाजतो.

डोंगरपायथा
पाड्यावरची ताई, मी लिहून देते. रविवारी सकाळी मोठ्या उंबराखाली बसू. तुम्ही सांगाल तसंच लिहीन, वाचून दाखवीन, मग सही.

गवंडी_बाबा
उतार मोजला का? १:५ किंवा त्याहून जास्त उतारावर खोदाई-भरावाला सहसा परवानगी नसते. पारदर्शक नळीत पाणी भरा, एक टोक वर, एक खाली. १० मीटर आडव्या अंतरात २ मीटर चढ भरला की झालं १:५. नळीत बुडबुडा राहू देऊ नका, माप चुकतं. प्रत्येक खड्ड्याजवळ वेगळं माप घ्या आणि टेप दिसेल असा फोटो काढा.

डोंगरपायथा
बाबा, नळी प्लंबरकडून मिळाली. उद्या सहा वाजता वर जाते. झिरपणाऱ्या पाण्याचा व्हिडिओही काढते, खड्डा बुजवायच्या आत.