पाच वर्षांच्या मुलीचा वाढदिवस घरी करायचा आहे: किती मुले, किती वेळ आणि कोणते खेळ?

प्रश्न : मुलीची आई

नमस्कार. माझी मुलगी पुढच्या महिन्यात पाच वर्षांची होत आहे आणि तिचा वाढदिवस घरीच करायचा, असे आम्ही ठरवले आहे. गेल्या वर्षीचा अनुभव अजून मनातून गेलेला नाही, म्हणून या वेळी आधीच विचारून घेत आहे. तेव्हा वर्गातली मुले, शेजारची मुले आणि नातेवाईक मिळून चाळीसेक माणसे जमली होती. केक कापताना सगळे तिच्याभोवती गोळा झाले, दिवे मालवले गेले, मोठ्याने गाणे सुरू झाले आणि ती टेबलाखाली जाऊन बसली. मी वाकून पाहिले, तर कुठल्याशा भेटीवरची लाल फीत तिने बोटाला इतकी आवळून गुंडाळली होती की बोटाचे टोक पांढरे पडले होते. मेणबत्ती शेवटी दुसऱ्याच मुलाने फुंकली. रात्री झोपताना तिने 'माझा वाढदिवस संपला का?' असे विचारले आणि मी हो म्हणताच ती लगेच झोपी गेली.

या वर्षी तिच्या वर्गात २८ मुले आहेत. तिच्या वडिलांचे म्हणणे असे की बोलवायचे तर सगळ्यांना बोलवावे, कारण ज्याला वगळले जाते त्याला ते लागतेच. मला मात्र पुन्हा तीच गर्दी नको आहे. त्यातच तिच्या अगदी जवळच्या मैत्रिणीला शेंगदाण्याची तीव्र अ‍ॅलर्जी आहे आणि तिला आमच्या घरी निर्धास्तपणे खेळता यावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे. मुले किती बोलवावीत, कार्यक्रम किती वेळाचा असावा, खेळ कोणते घ्यावेत आणि खाण्याच्या बाबतीत नेमकी काय काळजी घ्यावी, हे अनुभवी मंडळींनी सांगितल्यास फार मदत होईल.

प्रतिसाद : बालवर्गाची शिक्षिका

आपल्या मुलीने गेल्या वर्षी जे केले, ते मी वर्गात अनेकदा पाहिले आहे आणि त्यात काळजी करण्यासारखे काही नाही. सगळ्यांच्या नजरा एकाच वेळी आपल्यावर, त्यात अंधार आणि मोठा आवाज, हे चार वर्षांच्या मुलाला झेपतेच असे नाही. म्हणून पाहुण्यांची संख्या घराच्या जागेवरून ठरवण्यापेक्षा मुलीला काय झेपते, त्यावरून ठरवावी. मुलाचे जितके वय त्याहून एखादे मूल जास्त, असा एक जुना ठोकताळा आहे. तो काही नियम नव्हे, परंतु सहा ते आठ मुले असली की प्रत्येकाशी तिचे दोन शब्द बोलणे होते, हे मी खात्रीने सांगू शकते.

वेळ दीड तासाचा, फार तर दोन तासांचा ठेवावा. आमंत्रणात जशी सुरू होण्याची वेळ लिहितो तशी संपण्याची वेळही स्पष्ट लिहावी, म्हणजे न्यायला येणाऱ्यांनाही सोयीचे जाते. ज्या वेळी तिला एरवी झोप येते किंवा भूक लागते, ती वेळ टाळावी, इतके साधे पथ्य पाळले तरी निम्मी रडारड टळते.

माझ्या मते सर्वांत नाजूक वेळ पहिल्या पंधरा मिनिटांची असते. मुले एकदम येत नाहीत. जे मूल आधी येते, ते दारात आईचा हात धरून उभे राहते आणि मोठी माणसे त्याला 'जा, खेळ' असे म्हणत राहतात, पण कशाशी खेळायचे हे त्याला कोणी सांगत नाही. त्यासाठी जमिनीवर एक लांब कागद अंथरून खडू ठेवावेत आणि येईल त्याने त्यावर काहीतरी काढावे, असे करावे. कोणी उशिरा आले तरी त्याला मधूनच सामील होता येते, हा या कामाचा मोठा गुण आहे. शिवाय आपल्या मुलीला दारात उभे राहून प्रत्येकाचे स्वागत करण्याची सक्ती राहत नाही, ती त्या कागदाजवळ बसूनच सगळ्यांना भेटते.

खेळ निवडताना एक गोष्ट कटाक्षाने पाळावी. ज्यात हरणारे मूल बाद होऊन बाजूला बसते, ते खेळ या वयात घेऊ नयेत, कारण सगळ्यांत आधी बाद होणारे मूल बहुधा सगळ्यांत लहान किंवा बुजरे असते आणि उरलेला वेळ त्याने काय करायचे, याचा विचार कोणीच केलेला नसतो. संगीतखुर्ची घ्यायचीच असेल, तर खुर्ची कमी करावी पण मूल कमी करू नये. खुर्च्यांऐवजी चटया ठेवाव्यात, दर फेरीला एक चटई उचलावी आणि उरलेल्या चटयांवर सगळ्यांनी मिळून मावून दाखवायचे, असा खेळ करावा. शेवटच्या चटईवर आठ मुले एकमेकांना धरून उभी राहतात तेव्हा होणारा आनंद मी वर्षानुवर्षे पाहत आले आहे.

मुले एकमेकांशी कशी खेळतात, याची निरीक्षणे अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मिल्ड्रेड पार्टन यांनी १९३२ साली मांडली होती. दोन-तीन वर्षांची मुले बहुधा शेजारी बसून आपापले खेळतात आणि नियम ठरवून, कामे वाटून घेऊन खेळणे पुढे हळूहळू येते, असे त्यातून दिसले. पाचव्या वर्षी मुले त्या वाटेवर असतात, पण सगळी सारखीच पुढे गेलेली नसतात. म्हणून सामूहिक खेळ दोन किंवा तीन पुरेत, तेही दहा-दहा मिनिटांचे, आणि मध्ये त्यांना मोकळे सोडावे. त्या मोकळ्या वेळात ती स्वतःच जे शोधून काढतात, ते आपण ठरवलेल्या कार्यक्रमापेक्षा पुष्कळदा सरस असते. एखादा शांत कोपराही ठेवावा, जिथे चार पुस्तके आणि दोन उशा असतील. कोणी तिथे जाऊन बसले, तर त्याला ओढून आणू नये.

गोड खाल्ल्यामुळे मुले उधळतात, असे आपण सर्रास म्हणतो. परंतु आधीच्या अनेक चाचण्या एकत्र तपासणारा जो आढावा १९९५ साली प्रसिद्ध झाला, त्यात साखरेचा मुलांच्या वागण्यावर असा परिणाम आढळला नाही. मुले उधळतात ती गर्दीने, आवाजाने आणि हुकलेल्या झोपेने, त्यामुळे बंदोबस्तही त्यांचाच करावा.

प्रतिसाद : दोन मुलांचा बाबा

वरील प्रतिसाद मला बहुतांशी पटला, मात्र मुलीच्या वडिलांची बाजूही कोणी मांडायला हवी. माझा मुलगा सहा वर्षांचा असताना त्याच्या गटातल्या जवळजवळ सगळ्यांना एका वाढदिवसाचे बोलावणे होते आणि त्याला नव्हते. दुसऱ्या दिवशी सगळे एकाच रंगाची शिट्टी घेऊन वर्गात आले होते. त्याने घरी येऊन फक्त 'तशी शिट्टी कुठे मिळते?' एवढेच विचारले.

तेव्हापासून आम्ही एक पाळतो. वर्गातली थोडी मुले बोलवायची तर ती खरोखरच थोडी असावीत. निम्म्याहून अधिक होत असतील, तर मग सगळ्यांनाच बोलवावे, कारण दोन-चारच मुले बाहेर राहिली तर ते त्यांना वेचून काढल्यासारखे होते. आमंत्रणे वर्गात वाटू नयेत, पालकांना स्वतंत्रपणे कळवावे, आणि आपल्या मुलीलाही हे समजावून सांगावे की जे येणार नाहीत त्यांच्यासमोर हा विषय काढायचा नसतो.

प्रतिसाद : अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाचा पालक

आपण या मैत्रिणीचा विचार आमंत्रण देण्याआधीच करत आहात, हे वाचून बरे वाटले. आमच्या मुलासाठी अनेक यजमान प्रेमाने वेगळी ताटली ठेवतात. आम्ही त्यांचे ऋणी आहोत, परंतु इतर पदार्थांत दाणे असतील, तर वेगळी ताटली पुरत नाही. तोच चमचा इकडून तिकडे जातो, तेच हात खेळण्यांना लागतात आणि पाच वर्षांचे मूल दुसऱ्याच्या ताटलीतले उचलतेच. सोपा आणि खात्रीचा मार्ग असा की त्या दिवशी सगळ्यांच्याच खाण्यात शेंगदाणे नसावेत.

बेत नक्की करण्याआधी तिच्या आईवडिलांशी सविस्तर बोलावे. विकत आणलेल्या प्रत्येक पदार्थाचे वेष्टन जपून ठेवावे, म्हणजे त्यांना घटक स्वतः वाचता येतील. खाण्याआधी आणि नंतर सगळ्या मुलांनी साबण आणि पाण्याने हात धुवावेत. हात निर्जंतुक करण्याच्या जेलने जंतू मरतात, पण दाण्याचे प्रथिन हातावर तसेच राहते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

तिच्याकडे अ‍ॅलर्जीच्या तीव्र झटक्यात द्यायचे अ‍ॅड्रेनालिनचे इंजेक्शन असेल, तर ते कुठे ठेवले आहे आणि कसे द्यायचे, हे घरातल्या किमान दोन मोठ्या माणसांना माहीत असावे. अंगावर गांधी उठणे, ओठ किंवा चेहरा सुजणे, आवाज बसणे, श्वास घेताना घरघर होणे, अचानक उलट्या होणे किंवा मूल एकदम मलूल पडणे, ही लक्षणे ओळखता यायला हवीत. श्वासाला त्रास होऊ लागला, तर वाट पाहत बसू नये, आईवडिलांनी सांगितल्याप्रमाणे ताबडतोब इंजेक्शन द्यावे आणि लगेच रुग्णवाहिका बोलवावी. अ‍ॅलर्जीची गोळी किंवा पातळ औषध ही त्या इंजेक्शनची जागा घेऊ शकत नाहीत. खरे तर तिची आई किंवा वडील पूर्ण वेळ थांबू शकत असतील, तर त्यांनाही आग्रहाने थांबवून घ्यावे. आम्हाला असे कोणी म्हटले की आम्हाला फार हलके वाटते, कारण 'आम्ही थांबू का?' हे स्वतःहून विचारणे अवघड जाते.

प्रतिसाद : एक आजी

फुग्यांविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून तेवढेच लिहिते. न फुगवलेला किंवा फुटलेला रबरी फुगा लहान मुलाने तोंडात घातला, तर तो घशात चिकटून श्वास पूर्ण बंद होऊ शकतो. फुग्यांच्या पाकिटांवर ८ वर्षांखालील मुलांसाठी इशारा छापलेला असतो, तो याचसाठी. फुगे मोठ्यांनीच फुगवावेत, उंच बांधावेत, आणि एखादा फुटलाच तर गप्पा थांबवून आधी त्याचे सगळे तुकडे उचलावेत. दिवे लागणारी छोटी खेळणी भेट आली, तर त्यांच्या बटणासारख्या चपट्या बॅटरीचे झाकण स्क्रूने घट्ट बसवलेले आहे ना, तेही पाहावे. अशी बॅटरी गिळली गेली तर दोन तासांतही अन्ननलिका आतून गंभीर भाजू शकते.

मुलीची आई

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल आम्ही दोघे सविस्तर बोललो आणि तिलाच विचारले. तिने सात नावे सांगितली आणि आठवे नाव घेताना 'तो जोरात ओरडतो, पण मला आवडतो' असेही सांगितले. ही आठच मुले येतील, वेळ दीड तासाची असेल, नातेवाईक दुसऱ्या दिवशी येतील. मैत्रिणीच्या आईशी बोलणे झाले आहे आणि त्या पूर्ण वेळ थांबणार आहेत.

आता दोनच शंका उरल्या आहेत. मेणबत्ती आणि गाणे यांचे काय करावे, आणि भेटी सगळ्यांसमोर उघडाव्यात का?

बालवर्गाची शिक्षिका

गाणे हवे की नको, हे तिलाच ठरवू द्यावे. हवे असेल, तर आदल्या दिवशी घरातल्या तिघांनी मिळून एकदा तसेच करून पाहावे. दिवे चालू ठेवावेत, गाणे हळू म्हणावे आणि तिने कुणाच्या मांडीवर बसायचे, हेही आधीच ठरवावे. दुसऱ्याच मुलाने मेणबत्ती फुंकली तर ती पुन्हा पेटवता येते, हे तिला आधीच सांगून ठेवावे. मेणबत्तीसाठी एक छोटासा केक वेगळा ठेवला तर अधिक चांगले. अमेरिकेतील क्लेमसन विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ साली याची चाचणी घेतली, तेव्हा फुंकर मारलेल्या आयसिंगवर सरासरी १,४०० टक्के अधिक जिवाणू आढळले होते. निरोगी मुलांना त्याने काही होण्याची शक्यता कमीच, पण कोणाला सर्दी असेल तर वेगळा केक सोयीचा पडतो.

भेटी सर्वजण गेल्यावर उघडाव्यात. पाच वर्षांचे मूल 'हे माझ्याकडे आहे' असे सहज बोलून जाते आणि देणाऱ्या मुलाचा चेहरा पडतो. मात्र कोणी आपण आणलेली भेट उघडण्याचा हट्ट धरला, तर तेवढी एक बाजूला घेऊन उघडायला हरकत नाही. कोणती भेट कोणाची, हे लगेच कागदावर लिहून ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी तिने काढलेले एकेक चित्र आभार म्हणून पाठवावे. निघताना मुलांच्या हाती काही द्यायचे असेल, तर सुरुवातीला सगळ्यांनी मिळून रंगवलेला तो लांब कागद कापून प्रत्येकाला आपापला तुकडा देता येईल.