सीए व्हायला पुणंच गाठायला हवं?

खाडीकाठ (राजापूर)
परवा इथे एकाने ठोकून दिलं: "कोकणात बसून सीए होत नाही. बारावी झाली की पोराला पुण्याला पाठवा, नाहीतर वर्षं फुकट." वाचून डोकं फिरलं. दहावी-बारावीला कोकण विभाग राज्यात पहिला, आणि त्याच पोरांना फाउंडेशन या पहिल्या परीक्षेच्या चार पेपरांसाठी घर सोडायला सांगायचं? सीए इन्स्टिट्यूटचे लाइव्ह क्लास फुकट आहेत, आरटीपी (सरावाचे प्रश्नसंच) आणि मॉक पेपर साइटवर आहेत.

माझं इंटर, म्हणजे मधली परीक्षा, घरच्या माळ्यावर बसून झालं. पहिल्या वेळी ग्रुप वनला, म्हणजे पहिल्या तीन पेपरांना, ६२, ४३, ४२. तिन्ही चाळिसाच्या वर, पण बेरीज १४७, हवे होते दीडशे. तीन मार्कांनी ग्रुप गेला. चूक माझ्या लिहायच्या सरावाची होती, राजापूरची नव्हे. बासष्टवाल्या पेपरला एक्झम्प्शन मिळालं (तो पुन्हा द्यायचा नाही, मार्क मात्र धरतात), उरलेल्या दोनमध्ये मिळून ८८ हवे होते, ते पुढच्या खेपेला काढले. आता तर आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी, तीनवरून दोन वर्षांवर आली, आणि ती संपल्यावर फायनलआधी सहा महिने मोकळे. ते पुण्यात कॉट बेसिसवर पैसे मोजून काढायचे कशाला?

दादरकर_मूळ_गुहागर
ती पोस्ट माझी. शब्द मागे घेणार नाही. इंटरपर्यंत घरी चालेल, पण आर्टिकलशिपचं काय? मी आधी गावाकडच्या एका ऑफिसात होतो. रिटर्न, टॅलीच्या एंट्र्या आणि बँकेच्या फेऱ्या. कन्सॉलिडेशन (कंपनी आणि तिच्या उपकंपन्यांचे हिशेब एकत्र करणं) पहिल्यांदा पाहिलं ते मुंबईत ट्रान्सफर घेतल्यावर. फायनलच्या एफआरला, म्हणजे फायनान्शियल रिपोर्टिंगच्या पेपरला, नुसतं पाठांतर पुरत नाही.

रायवळ
मुंबईच्या मोठ्या फर्ममध्ये माझ्या मावसभावाने वर्षभर एकाच कंपनीचं व्हाउचिंग केलं, म्हणजे बिलं-पावत्या ताडून बघितल्या, ते शिक्षण का? मी देवगडात कॅनिंगवाल्या बागायतदाराचं काम बघतो. बागेचं उत्पन्न शेतीचं, करमुक्त. पल्प म्हणजे धंदा. स्वतःच्याच बागेतला आंबा कारखान्यात गेला की बाजारभाव धरून दोन्ही वेगळं काढायचं. ताज्या आंब्यावर जीएसटी नाही, पल्पवर आहे, म्हणून सामाईक खर्चाचं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) प्रमाणात रिव्हर्स करायचं. हे कुठल्या क्लासमध्ये हाताने करून घेतात ते सांगा.

दादरकर_मूळ_गुहागर
एका आंब्यावर फायनल निघत नाही, दादा.

पडवी (कुडाळ)
तुम्ही सगळे "घरी बसून" म्हणताय, म्हणून लिहिते. आता परीक्षा वर्षातून तीनदा. मे म्हणजे आंब्याचा हंगाम, सप्टेंबर म्हणजे गणपतीला खेटून. आमच्याकडे चाकरमानी मिळून अठरा माणसं. भजनाची मंडळी रात्री अकराला येणार, त्यांची उसळ, चहा. मी ऑडिटची चॅप्टर्स भांडी घासताना मनात घोकली आहेत. घरचं जेवण फुकट असेल, पण ते करतं कोण?

खाडीकाठ
ताई, हा घराघरातला प्रश्न झाला. धागा कोकणात तयारी होते का यावर आहे.

पडवी
मग मी कुठे तयारी करत होते? कुडाळ कोकणात नाही? तुमच्या माळ्यावर चहा कोण आणून देत होतं ते आधी लिहा.

रायवळ
उगाच चिडू नका. सप्टेंबर सोडून जानेवारीचा फॉर्म भरायचा, इतकं सोपं आहे.

दादरकर_मूळ_गुहागर
सोपं? इंटर चार महिने पुढे गेली की आर्टिकलशिप चार महिने पुढे. माझी बहीण याच कारणाने पुण्याला गेली, क्लाससाठी नव्हे. खोलीला आतून कडी लावता यावी म्हणून. मी पोस्टमध्ये हे लिहायला हवं होतं.

खाडीकाठ
चहा आई द्यायची. जेवणही वर यायचं. ठीक आहे, हा मुद्दा मान्य. पण पुण्याचं भाडं परवडत नाही त्या मुलीने काय करायचं, याचं उत्तर दादरकरांकडेही नाही.

पडवी
माझ्याकडेही नाही. आणि रायवळ, जानेवारीबद्दल. माझ्या भावानेही इंटर सप्टेंबरलाच दिली, त्याच घरातून, त्याच गणपतीत. वरच्या खोलीत दार लावून बसायचा. त्याला कुणी जानेवारी सुचवली नाही.