होरेसला इंग्रजीत यमक कशाला?

यतिभंग: 'होरेस या लॅटिन कवीचे इंग्रजी पद्यानुवाद वाचूच नका, यमकापायी सगळ्यांनी मूळ कविता ताणलीय' ही पोस्ट वाचून राहवलं नाही. सगळ्यांनी? इंग्रज कवी हाउसमनने होरेसच्या चौथ्या पुस्तकातली सातवी ओड (भावकविता) यमकात केली. मूळ २८ ओळी, त्याच्याही २८. कुठे ताणलंय?

नेमकं_बोला: पोस्ट माझीच. ओळी मोजल्यात, त्यांची लांबी कोण मोजणार? लॅटिनमध्ये प्रत्येक लांब ओळीमागे आखूड ओळ येते. ऋतू सरत जातात ते त्या तुटणाऱ्या दमावर. हाउसमनने सगळ्या ओळी एका मापाच्या करून टाकल्या. ड्रायडन या इंग्रज कवीने १६८५ साली तिसऱ्या पुस्तकातली एकोणतिसावी ओड केली, तर ६४ ओळींच्या शंभरावर गेल्या! मुळात यमक नाहीच. मिल्टनने पिऱ्हा या तरुणीला उद्देशून असलेली ओड (पहिल्या पुस्तकातली पाचवी) बिनयमकी केली: १६ ला १६, कडव्यात दोन लांब, दोन आखूड.

षष्ठी: मिल्टनकडूनही शब्दक्रम निसटलाच. त्या ओडची पहिली लॅटिन ओळ: 'क्विस मुल्ता ग्राकिलिस ते पुएर इन रोसा'. 'क्विस' म्हणजे 'कोण', ते सोडा. पुढे 'पुष्कळ' आणि 'गुलाब' दोन कडांना, आत 'सडपातळ' आणि 'पोरगा', मधोमध 'तुला'. पिऱ्हा मिठीत आणि दोघं गुलाबांत, हे शब्दांच्या जागाच सांगतात. इंग्रजीत विभक्त्या झडल्यात, विशेषण नामाला चिकटवावंच लागतं. मिल्टनचा सडपातळ पोरगा पहिल्या ओळीत, पिऱ्हा आणि गुलाब दुसरीत.

लगावली: शब्दक्रम राहू द्या, आधी चाल ऐका. होरेसच्या सॅफिक वृत्ताची ओळ (गा म्हणजे गुरू, ल म्हणजे लघु): गालगागा गाललगालगागा. आपलं इंद्रवज्रा वृत्त: गागालगा गाललगालगागा. दुसऱ्या-तिसऱ्या अक्षराची अदलाबदल, बाकी तंतोतंत!

यतिभंग: विषय इंग्रजी अनुवादांचा आहे. पिंगल (छंदशास्त्र) शिकवायचंय तर वेगळा धागा काढा. आणि सॅफिक कडव्याची चौथी ओळ पाचच अक्षरांची, ती इंद्रवज्रेत कुठे आहे?

लगावली: नाहीच, पण मुद्दा इंग्रजीचाच आहे. सॅफिक ओळीत तिसरं, चौथं, पाचवं अक्षर सलग गुरू. इंग्रजी आघातावर चालते, तीन आघात लागोपाठ सहज पेलत नाही. चौथं बऱ्याचदा हलकं पडतं, इंग्रज कवी स्विनबर्नच्या सॅफिकमध्येसुद्धा. लघु-गुरू ऐकू येणाऱ्यांनी हे बोलायचं नाही तर कोणी?

षष्ठी: विभक्त्याही मराठीत आहेत. शब्द हवे तसे पेरता येतात.

यतिभंग: बरं, चौथ्या अक्षराचं मान्य. पण मग मूळ वृत्त इंग्रजीत येतच नाही, म्हणजे हाउसमनने स्वतःचं माप घेतलं ते बरोबरच.

नेमकं_बोला: स्वतःचं माप घ्या, पण लांब-आखूड ठेवून. ते इंग्रजीत जमतं, मिल्टनने जमवलंय. हाउसमनची ती एक ओड 'ताणलेल्यां'च्या यादीतून काढतो. ड्रायडन राहील.