तिशा बावला काय वाचतात?

प्रश्न (सांगली): रोज पहाटे बायबलमधलं एक स्तोत्र वाचते. काल १३७वं आलं, बाबेलच्या नद्यांकाठी बसून रडणाऱ्यांचं. २०१९ च्या पुरात चादरीत भांडी बांधून निघालेले शेजारी डोळ्यांपुढे आले, पुढे वाचवेना. यहुदी लोक हा शोक कधी पाळतात?

उत्तर: ताई, तिशा बावला, म्हणजे यहुदी पंचांगातल्या अव महिन्याच्या नवव्या दिवशी. इ.स.पू. ५८६ मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याच्या सैन्याने यरुशलेमचं पहिलं मंदिर जाळलं, इ.स. ७० मध्ये रोमनांनी दुसरं. दोन्हींचा शोक एकाच दिवशी. कडक उपास, पाण्याचा थेंबही नाही. रात्री जमिनीवर बसून बायबलमधलं विलापगीत हे पुस्तक वाचतात.

उत्तर (सातारा): त्यातला तिसरा अध्याय सोडू नका. शहराची राख झालेली, आणि तरी कवी म्हणतो, देवाची दया रोज सकाळी नवी. मला तो फार धीराचा वाटतो.

प्रश्नकर्ती: उद्या तोच घेते. शेजारच्या काकूंनाही बोलावते.