एकच वेदी: इस्राएलाच्या उपासनेचे शुद्धीकरण की आकुंचन?

पाषाणलेख (धागाकर्ता)

प्राचीन इस्राएली उपासनेचा विषय निघाला की यरुशलेमचे मंदिर आणि त्याच्या अंगणातली वेदी एवढेच आपल्या डोळ्यांसमोर येते. माझे मत असे आहे की वेदीचा मूळ धार्मिक अर्थ गावोगावच्या माती-दगडांच्या वेद्यांत होता, आणि यहूदाच्या (दक्षिणेकडील इस्राएली राज्याच्या) योशीया राजाने इ.स.पू. ६२२ च्या सुमारास त्या मोडून सारी अर्पणे यरुशलेमात आणली तेव्हा शुद्धीकरणाच्या नावाखाली त्या अर्थाचा मोठा भाग लोकांच्या हातून गेला.

बायबलातील निर्गम ग्रंथाच्या विसाव्या अध्यायात वेदीचा नियम अगदी साधा आहे. वेदी मातीची करावी. दगडाची केलीच तर दगड घडीव नसावेत, कारण हत्यार लागले की ती भ्रष्ट होते. आणि तिच्यावर पायऱ्यांनी चढू नये. याच ठिकाणी देव सांगतो की ज्या ज्या स्थळी मी आपल्या नामाचे स्मरण करवीन त्या त्या स्थळी मी येऊन आशीर्वाद देईन. येथे चढून जाणारा माणूस नाही, उतरून येणारा देव आहे. अब्राहाम शखेमला आणि याकोब बेथेलला वेदी बांधतो ती भेट झाल्यानंतर, त्या भेटीची खूण म्हणून.

पहिल्या शमुवेल ग्रंथाच्या चौदाव्या अध्यायातील प्रसंग पाहा. पलिष्ट्यांशी दिवसभर लढून भुकेने व्याकूळ झालेले सैनिक लुटीतली जनावरे जमिनीवरच कापतात आणि रक्तासकट मांस खाऊ लागतात. राजा शौल एक मोठा दगड लोटत आणायला लावतो, प्रत्येकाने आपला बैल किंवा मेंढरू त्यावर आणून कापावे असे फर्मावतो, आणि त्या जागी वेदी बांधतो. मंदिर नाही, मुहूर्त नाही, समारंभ नाही. तरीही जीव घेताना रक्त देवाचे आहे हे मान्य करावेच लागते, आणि ते मान्य करण्याची जागा म्हणजे वेदी. लेवीय ग्रंथाच्या सतराव्या अध्यायात तर बैल, कोकरू किंवा बकरे परस्पर कापणाऱ्याला रक्तपाताचा दोषी धरले आहे.

अनुवाद (बायबलातील पाचवा ग्रंथ, डीटरॉनॉमी) याच्या बाराव्या अध्यायाने हा धागा तोडला. अर्पणे देवाने निवडलेल्या एकाच स्थळी आणा, पण खाण्यासाठी आपल्या गावी हवे तेव्हा जनावर कापा, रक्त पाण्यासारखे जमिनीवर ओता, असे तेथे सांगितले आहे. बैर-शेब्याच्या शेतकऱ्याला यरुशलेम दोन-तीन दिवसांच्या चालीवर. त्याचे रोजचे जेवण देवापासून सुटले आणि वेदी सणावारी दिसणारी वस्तू झाली. याला मी आकुंचन म्हणतो.

सरळमार्गी

पाषाणलेख यांनी शौलाचा प्रसंग चांगला मांडला, पण त्यातून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. अनुवादाचा नियम शेतकऱ्याला देवापासून तोडत नाही, तर त्याला याजकाच्या हातून सोडवतो. अनुवादाच्याच चौदाव्या अध्यायात पुढे काय सांगितले आहे तेही वाचावे. वाट लांबची असेल तर दशमांश (उत्पन्नाचा दहावा भाग) विकून रुपे गाठीला बांधावे, निवडलेल्या स्थळी जाऊन बैल, मेंढरे, द्राक्षारस, मनाला येईल ते विकत घ्यावे आणि घरच्यांसह देवासमोर खाऊन आनंद करावा. दर तिसऱ्या वर्षी तोच दशमांश आपल्याच गावात लेवी (देवसेवेसाठी नेमलेल्या वंशातला), उपरी, अनाथ आणि विधवा यांच्यासाठी ठेवायचा. गावातली वेदी गेली, पण तिच्या जागी गावातल्या गरिबाचा हक्क आला. याला आकुंचन कसे म्हणायचे?

दुसरा मुद्दा आश्रयाचा. वेदीची शिंगे (कोपऱ्यांवरचे उंचवटे) धरली की जीव वाचतो अशी समजूत होती, आणि निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायाने तिला मर्यादा घातली होती: जाणूनबुजून खून करणाऱ्याला वेदीपासूनही ओढून न्यावे. प्रत्यक्षात काय घडत होते? राजा शलमोनाचा प्रतिस्पर्धी भाऊ अदोनीया याने शिंगे धरली तेव्हा त्याला तेवढ्यापुरते अभय मिळाले. सेनापती यवाबाने धरली तेव्हा शलमोनाने पाठवलेला बनाया आधी कचरला. बाहेर ये म्हणाला, तर यवाब म्हणाला की मी येथेच मरेन. आणि शलमोनाचा हुकूम येताच त्याला तेथेच मारण्यात आले. म्हणजे वेदीचे अभय राजाच्या मर्जीवर होते. अनुवादाने शरणपुरे ठरवली, वाटा नीट राखायला सांगितल्या आणि हेतूची चौकशी आली. मोडक्या वेद्यांबद्दल हळहळताना हा हिशेब सोडू नये.

आणि सर्वच स्थानिक वेद्या अब्राहामाच्या वेदीसारख्या निरागस नव्हत्या. बेथेल आणि दान येथे उत्तरेकडील राज्याचा राजा यराबाम याने सोन्याची वासरे उभी केली. बेथेलच्या वेदीची शिंगे तोडली जाऊन जमिनीवर पडतील, असे आमोस संदेष्ट्याने योशीयाच्या शतकाहून अधिक काळ आधीच सांगितले होते. एफ्राइमाने (उत्तरेकडील राज्याने) पापासाठी वेद्या वाढवल्या, हे होशेय संदेष्ट्याचे म्हणणे. राजदरबारातून निघालेला हा विचार नाही.

उत्खनक

दोघेही ग्रंथ उघडून बोलत आहेत; जमीन उकरल्यावर काय सापडले तेही पाहू.

बैर-शेबा येथे पुरातत्त्वज्ञ योहानान अहारोनी यांना १९७३ साली एका मोठ्या वेदीचे दगड मिळाले. ते वेदीच्या जागेवर नव्हते. इ.स.पू. आठव्या शतकाच्या उत्तरार्धातील कोठाराची भिंत रचताना बांधकामाचे साधे दगड म्हणून ते वापरले गेले होते. शिंगांच्या चार दगडांपैकी तिघांची शिंगे शाबूत होती, चौथ्याचे छाटलेले होते. एका दगडावर वळसे घेणारा साप कोरलेला आहे. धागाकर्त्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी: हे सगळे दगड घडीव आहेत. ज्या निर्गमाच्या नियमावर त्यांनी आपली मांडणी उभी केली, तोच नियम या स्थानिक वेदीने पाळलेला नाही. मातीच्या वेदीवर देव उतरतो हे चित्र सुंदर आहे, पण यहूदाच्या दक्षिण सीमेवरच्या शासकीय ठाण्यात कुशल पाथरवटांकडून वेदी बांधून घेतली गेली होती. ती राज्याचीच वेदी होती, आणि राज्याने उभारलेले राज्यानेच मोडले.

अरादच्या किल्ल्यात मात्र नियमाप्रमाणे न घडवलेल्या दगडांची आणि मातीची वेदी होती, प्रत्येक बाजू सुमारे अडीच मीटर. आतल्या गाभाऱ्याच्या पायरीवरच्या दोन धूपवेद्या आडव्या करून मातीखाली गाडलेल्या मिळाल्या. म्हणजे येथे उपासना थांबवणाऱ्यांनी त्या फोडल्या नाहीत, निजवून ठेवल्या. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत मोठ्या धूपवेदीवर ऊद आणि प्राण्यांची चरबी, तर धाकटीवर गांजा आणि जनावरांचे शेण यांचे अवशेष निघाले. ग्रंथात गांजाचा स्पष्ट उल्लेख नाही, तेव्हा सीमेवरच्या किल्ल्यातील उपासना नेमकी लेवीयाच्या पोथीप्रमाणे चालत असावी असे समजणे धाडसाचे होईल.

ही मोडतोड योशीयाच्या आधीचा यहूदाचा राजा हिज्कीया याच्या काळाशी जोडण्याकडे अनेकांचा कल आहे. दुसऱ्या राजे ग्रंथाच्या अठराव्या अध्यायात अश्शूरचा सरदार रब-शाके यरुशलेमच्या तटाखाली उभा राहून हिणवतो की ज्या देवावर विसंबता त्याचीच उच्च स्थाने (गावोगावची पूजास्थाने) आणि वेद्या हिज्कीयाने काढल्या ना? हा वार लोकांच्या मनातल्या शंकेवर होता, हे धागाकर्त्यांच्या बाजूचे धरता येईल. पण सारा दोष योशीयावर टाकू नये.

पाषाणलेख

उत्खनक यांच्या घडीव दगडांच्या आक्षेपाला माझे उत्तर असे की यरुशलेमची वेदी तरी कोठे मातीची होती? शलमोनाची वेदी पितळेची. पुढे यहूदाच्या आहाज राजाने दिमिष्काची (दमास्कसची) वेदी पाहिली, तिचा नमुना उरीया याजकाला पाठवला, तशी नवी वेदी बांधून घेतली आणि जुनी पितळी वेदी उत्तरेच्या बाजूला सरकवली. राजाच्या हौसेची छाप यरुशलेमवर अधिक पडली होती. मग शुद्धतेचा मान त्याच एका वेदीला का?

सरळमार्गी यांना माझा प्रश्न आहे. अनुवादाच्या अठराव्या अध्यायानुसार गावातला लेवी निवडलेल्या स्थळी आला तर त्याने इतरांप्रमाणे सेवा करावी आणि सारखा वाटा घ्यावा. योशीयाने उच्च स्थानांचे याजक आणले, तेव्हा काय झाले? दुसऱ्या राजांचा तेविसावा अध्याय सांगतो की ते यरुशलेमच्या वेदीकडे गेले नाहीत, भाऊबंदांत बसून बेखमीर भाकरी खात राहिले. कायद्यातली उदारता अंमलात आली नाही. पिढ्यान्‌पिढ्या गावच्या अर्पणांचे रक्त वेदीला लावणारा माणूस पोटापुरत्या वाट्यावर आला.

रेवदंड्याची

मी बेने इस्राएल (कोकणातल्या मराठी यहुदी) कुटुंबातली आहे, म्हणून एका बाजूने बोलते. पाषाणलेख ज्याला तोटा म्हणतात त्यामुळेच आम्ही टिकलो. इ.स. ७० मध्ये रोमनांनी मंदिर जाळले तेव्हा बहुसंख्य यहुदी आधीच वेदीपासून दूर राहायला शिकले होते. बाबेलात, अलेक्झांड्रियात, गालीलात लोक प्रार्थना आणि वाचनासाठी जमत होते. गावोगाव वेदी असती आणि प्रत्येक गावचा धर्म त्या दगडांना बांधलेला असता, तर गाव गेले की धर्मही गेला असता. एकच वेदी असल्यामुळे उरलेल्या सगळ्या जगात वेदीविना जगण्याचा सराव आपोआप झाला. मंदिर असताना वेदी प्रायश्चित्त करीत असे, आता माणसाचे जेवणाचे ताट ते करते, असे तालमूद या यहुदी धर्मग्रंथातले वचन आहे. शौलाच्या दगडापाशी जे होत होते तेच या ताटापाशी आले, आणि मधली वाट यरुशलेमवरून गेली.

कोकणात आम्ही मलिदा करतो: भिजवलेले पोहे, गूळ किंवा साखर, नारळ, सुका मेवा, फळे, आणि एलियाहू हानबीचे (एलिया संदेष्ट्याचे) स्तवन. नवस फेडताना, लग्नकार्याआधी. काही जण त्याचे नाते लेवीयातील अन्नार्पणाशी लावतात. ते सिद्ध करता येईल असे मला वाटत नाही. पण आभार मानण्यासाठी वेदी लागत नाही, हे आमच्या आज्यांना कोणी शिकवावे लागले नव्हते.

जुनी पोथी

रेवदंड्याची यांचा मुद्दा वजनदार आहे, पण तो मागाहून दिसणाऱ्या फायद्याचा आहे. योशीयाने वेद्या मोडल्या त्या सुमारे सातशे वर्षांनंतरच्या रोमनांचा विचार करून नव्हेत. त्या काळच्या माणसाला काय वाटत होते याचा पुरावा मला यहोशवा ग्रंथाच्या बाविसाव्या अध्यायात दिसतो. यार्देनेपलीकडचे रऊबेन, गाद आणि अर्धा मनश्शे वंश नदीकाठी भलीमोठी वेदी बांधतात. बाकीचे इस्राएल लढाईला सज्ज होतात, कारण दुसरी वेदी म्हणजे बंड. फिनहास याजक चौकशीला जातो, तेव्हा हे लोक सांगतात की येथे होमबली (जनावर जाळून दिलेले अर्पण) होणार नाही, अर्पण होणार नाही. पुढे तुमची मुले आमच्या मुलांना देवाशी तुमचा काय संबंध असे विचारतील, म्हणून साक्षीसाठी हे बांधले आहे. ज्या कथेचा सारा भर एकाच वेदीवर आहे, तिलाही नदीपलीकडच्या माणसासाठी दुसरी वेदी मान्य करावी लागली, फक्त रक्त वगळून.

सरळमार्गी

हीच गोष्ट नाईलमधल्या एलिफन्टाइन बेटावर प्रत्यक्ष घडली. तेथील यहुदी सैनिकांचे देवालय इ.स.पू. ४१० मध्ये उद्ध्वस्त झाले. यरुशलेमच्या महायाजकाला त्यांनी लिहिले, त्याचे उत्तर आले नाही. इ.स.पू. ४०७ मध्ये त्यांनी यहूदाचा सुभेदार बगोही याला अर्ज केला. त्यात अन्नार्पण, ऊद आणि होमबली तिन्ही मागितले होते. परवानगीच्या टिपणात देवालय पूर्वीप्रमाणे बांधा, वेदीवर अन्नार्पण आणि ऊद अर्पण करा, एवढेच आहे. होमबलीचे नाव नाही. पाषाणलेख याला आकुंचन म्हणतील; मी म्हणेन की एका वेदीचा आग्रह धरणाऱ्यांनीही परदेशातल्या माणसाची वेदी पूर्ण नाकारली नाही.

पाषाणलेख

टिपण मी तुमच्यासारखेच वाचतो, पण ते दिले कोणी हेही पाहा: बगोही आणि शोमरोनचा (समारियाचा) दलाया, म्हणजे सुभ्याचे अधिकारी. वेदीशी ज्यांचा खरा संबंध, त्या यरुशलेमच्या याजकांनी त्या सैनिकांना साधे उत्तरही पाठवले नव्हते. आकुंचन झाले ते याजकांच्या बाजूने, आणि माझा आक्षेप त्यांच्यावरही आहे.