टंचाईत लक्झरी एसयूव्ही: जादा पैसे देऊन आत्ता, की नंबर लावून नंतर?

सुकाणू

मुद्दा सरळ मांडतो. पुरवठा आटलेला असताना लक्झरी एसयूव्हीवर यादी किमतीच्या वर एक पैसाही देऊ नये. हवी ती गाडी हवी तशी ऑर्डर करावी आणि थांबावं. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, आणि टंचाईत विक्रेता आधी तुमची गरज किती निकडीची आहे तेच चाचपतो.

हिशोब बघा. यादी किंमत 100 धरा, वर 10 जादा मागतायत. तीन वर्षांनी गाडी समजा 55 ला गेली. यादी किमतीत घेणाऱ्याचे 45 गेले, जादा देणाऱ्याचे 55. म्हणजे घसारा 22 टक्क्यांनी वाढला. जुनी गाडी घेणारा तुम्ही वर किती मोजले होते ते विचारत नाही. बँकही बहुधा यादी किमतीवरच कर्ज देते, त्यामुळे हे 10 खिशातून रोख जातात.

जादा रक्कम दरवेळी उघड मागतात असंही नाही. सिरॅमिक कोटिंग, मॅट, वाढीव वॉरंटी असं ‘पॅकेज’ गळ्यात बांधतात. कोटेशनमध्ये गाडीची किंमत, कर आणि प्रत्येक अॅक्सेसरी वेगवेगळ्या ओळीत लिहून मागा. एकच गोळाबेरीज आकडा देणाऱ्याला बुकिंग देऊ नका.

पाचवा गिअर

साफ असहमत. थांबणं फुकट नसतं, आणि तुमच्या हिशोबात नेमकं तेच गळलंय.

14 महिन्यांचं वेटिंग धरा. त्यात यादी किंमत दोनदा 4-4 टक्क्यांनी वाढली तर 100 ची गाडी 108 वर गेली. शिवाय हातातली जुनी गाडी वॉरंटीबाहेर जाते. एसयूव्हीचे चार टायर, ब्रेक डिस्क-पॅड, एखादा एअर सस्पेन्शनचा बेलो (स्प्रिंगऐवजी असणारी हवेची रबरी पिशवी) एवढं निघालं की वाचवलेल्या 10 पैकी हातात काय उरतं? एक्स्चेंजचा भावही दिवसेंदिवस उतरतो. टंचाई असते तेव्हाच जुन्या गाडीला चांगली किंमत येते. नवी 10 ने महाग घेतली आणि जुनी 6 ने महाग विकली, तर खरा जादा खर्च 4.

दुसरं म्हणजे ‘नंबर लावला’ हा शब्दच फसवा आहे. रांग ग्राहकांची नसते, अलोकेशनची असते. कंपनी विक्रेत्याला ठरावीक इंजिनाच्या, ठरावीक व्हेरियंटच्या मोजक्या गाड्या देते. तुमच्या मागचा माणूस मधला व्हेरियंट मागत असेल आणि तुम्ही पॅनोरमिक छत, मागचं एंटरटेनमेंट आणि वरची साउंड सिस्टीम मागत असाल, तर तो तुमच्या आधी गाडी नेतो. म्हणून पहिला प्रश्न ‘माझा नंबर कितवा’ हा नकोच. ‘कुठल्या ऑप्शनमुळे ऑर्डर अडकते’ हे विचारा. तो एक ऑप्शन सोडला की बऱ्याचदा कित्येक महिने वाचतात.

कोणी रद्द केलेली, कारखान्यातून निघालेली गाडी मिळत असेल तर रंग-चाकांचा हट्ट सोडून घ्यावी. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये.

निळी चावी

पाचवा गिअर, ऑप्शन सोडताना कोणता सोडतोय ते कळायला हवं. आणि काही वेळा ग्राहक सोडतच नाही, कंपनीच काढून टाकते.

2021 च्या नोव्हेंबरमध्ये चिपअभावी बीएमडब्ल्यूने एक्स5, एक्स6, एक्स7 सकट काही मॉडेल्सचा टचस्क्रीन काढला. स्क्रीन जागेवर, पण बोटाने चालत नाही, मधल्या गोल कंट्रोलरनेच चालवायचा. त्याच सुमारास जनरल मोटर्सने काही गाड्यांमधले गरम होणारे सीट वगळले. 2022 च्या कॅडिलॅक एस्कलेडचं उत्पादन सुरू झालं तेव्हा त्यात स्टिअरिंगवरून हात काढून गाडी चालू देणारं ‘सुपर क्रूझ’ नव्हतं. टोयोटाने तर 2022 मध्ये जपानमध्ये दोन स्मार्ट चाव्यांऐवजी एक स्मार्ट आणि एक साधी चावी दिली.

वगळलेल्या सोयींचे तीन प्रकार असतात. एक, वायरिंग आणि कनेक्टर आतमध्ये आहे, फक्त मॉड्यूल नाही. हे नंतर बसतं. दोन, वायरिंगच नाही. त्यासाठी डॅशबोर्ड आणि सीट उतरवावे लागतात, म्हणजे नंतर बसवण्याच्या नादी लागूच नये. तीन, हार्डवेअर आहे पण सॉफ्टवेअर बंद आहे. विक्रेता तिन्हींना ‘नंतर बसवून देऊ’ एवढंच म्हणतो. चॅसिस नंबरवरून निघणारी त्याच गाडीची उपकरणांची यादी छापून मागा आणि ब्रोशरशी ओळ न् ओळ ताडून बघा. ब्रोशर मॉडेलचं असतं, तुमच्या गाडीचं नाही. जे नंतर बसणार आहे त्याचा पार्ट, मजुरी कोणाची आणि मुदत किती, हे इनव्हॉइसवरच लिहून हवं.

सीट गरम होत नाही म्हणून कोणी अडणार नाही. पण आरशात न दिसणारी गाडी टिपणारा ब्लाइंड स्पॉटचा रडार किंवा पार्किंग कॅमेरा नसेल तर दोन टनांच्या वरची, पाच मीटर लांब गाडी दाटीत चालवताना रोज जाणवतं. त्या गाडीला किंमत कमी करूनही हात लावू नये.

ओला ब्रेक

रद्द झालेली, उभी गाडी घ्या म्हणणाऱ्यांनी ती किती दिवस उभी होती हे बघितलं पाहिजे. टंचाईत अर्धवट गाड्या मैदानात लावून ठेवतात आणि चिप आली की पुऱ्या करतात. डिलिव्हरी आजची असली तरी गाडी वर्षापूर्वीची असू शकते.

टायरवर ‘DOT’ने सुरू होणारा कोड असतो, त्या डॉट कोडचे शेवटचे चार आकडे बघा. 3221 म्हणजे 2021 चा 32 वा आठवडा. पूर्ण कोड बऱ्याचदा टायरच्या एकाच बाजूला असतो, बाहेर दिसला नाही तर गाडीखाली वाकून आतली बाजू बघा. चारही टायर आणि स्पेअर. दाराच्या खांबावर किंवा कागदपत्रात उत्पादनाचा महिना असतो, त्याच्याशी जुळवा.

खरा मार 12 व्होल्टच्या बॅटरीला बसतो. झोपलेली गाडीसुद्धा साधारण 50 मिलिअँपिअर खाते, म्हणजे दिवसाला 1.2 अँपिअर-तास. 90 अँपिअर-तासांची एजीएम (सीलबंद लेड-अॅसिड) बॅटरी अशाने पाच-सहा आठवड्यांत अर्धी होते. वाहतुकीत वीज वाचवणारा ट्रान्सपोर्ट मोड लावला असेल तर जास्त टिकते, पण तो कोणी लावला होता का? गाडी काही तास बंद ठेवून मल्टिमीटर लावा. भरलेली एजीएम 12.8 व्होल्टच्या आसपास दाखवते. 12.4 च्या खाली असेल तर चार्ज करून पुन्हा तपासायला सांगा, आणि ती 12 च्या खाली जाऊन पडून राहिली असेल तर नवी बॅटरी मागा. खोल उतरलेल्या बॅटरीच्या प्लेटवर सल्फेट धरतं. ती चार्ज होते, पण पुरती सावरत नाही, आणि मग कुठल्याही मॉड्यूलचे भलतेच इशारे स्क्रीनवर यायला लागतात. लोक सेन्सर बदलत बसतात.

ब्रेक डिस्कवरचा पिवळसर गंज चार-सहा ब्रेक मारले की जातो. पण पॅडच्या आकाराचा काळा ठसा उमटला असेल तर पेडल थरथरतं, आणि तो ठसा सहजी जात नाही. टेस्ट ड्राइव्ह वीस मिनिटांच्या आत आटपू नका. उभ्या राहून चपटे झालेले टायर गरम झाल्यावर गोल होतात. वीस मिनिटांनंतरही 80 ते 100 च्या वेगात थरथर येत असेल, तर टायर बदलून मागा. एअर सस्पेन्शन असेल तर संध्याकाळी चारही कोपऱ्यांवर चाकाच्या मध्यापासून कमानीपर्यंत टेपने मोजा, सकाळी गाडी चालू न करता पुन्हा मोजा. एकच कोपरा बसला असेल तर गळती आहे.

हे सगळं शेवटचा हप्ता भरण्याआधी. पैसे पोचले की तुमची घाई राहते, त्यांची संपते.

सुकाणू

ओला ब्रेक, एवढं सगळं तपासून घ्यायची वेळ येते, म्हणूनच ताजी ऑर्डर बरी. पण पाचवा गिअर यांचा किंमतवाढीचा मुद्दा मान्य. त्यावर उपाय थांबणं सोडणं हा नाही, बुकिंगच्या कागदात चार गोष्टी लिहून घेणं हा आहे: बुकिंगच्या दिवसाची किंमत किती काळ पक्की, कारखान्याचा बिल्ड स्लॉट (गाडी बांधायची पाळी) मिळाल्याची लेखी खबर, तो मिळेपर्यंत बुकिंगची पूर्ण रक्कम परत, आणि कंपनीने एखादी सोय वगळली तर दंड न लावता रद्द करायची मुभा. स्लॉट मिळून ऑर्डर लॉक झाल्यावर रंगही बदलता येत नाही, म्हणून त्याआधीच एकदा पूर्ण कॉन्फिगरेशन डोळ्याखालून घाला. कर्जाची मंजुरीही लॉकनंतरच घ्या, नाहीतर गाडी येईपर्यंत तिची मुदत संपते आणि व्याजदर नव्याने ठरतो.

पाचवा गिअर

हे चार लेखी देणारा विक्रेता टंचाईत सापडला तर जरूर थांबा. बहुतेक जण किंमत ‘डिलिव्हरीच्या दिवशीची’ असंच छापतात.

आणि स्लॉट मिळाला म्हणजे गाडी आली असं नाही. फेब्रुवारी 2022 मध्ये अझोर्सजवळ ‘फेलिसिटी एस’ जहाजाला आग लागली. फोक्सवॅगन समूहाच्या सुमारे 4,000 गाड्या, पोर्श आणि ऑडीसुद्धा, त्यात होत्या. 1 मार्चला जहाज बुडालं. त्याच सुमारास युक्रेनमधून येणाऱ्या वायरिंग हार्नेसअभावी (तारांच्या जुडग्याअभावी) युरोपातले कारखाने थांबले. हार्नेस गाडीच्या कॉन्फिगरेशननुसार बनतो, तो दुसऱ्याकडून लगेच मिळत नाही. कागदावरची तारीख म्हणजे अंदाज.

निळी चावी

एक गोष्ट मात्र दोघांनाही सांगते. पाच ठिकाणी बुकिंग करून जिथे आधी मिळेल तिथे घ्या, असा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो चुकीचा वाटतो. त्याने मागणी पाचपट दिसते, वेटिंग फुगतं आणि जादा पैसे मागणाऱ्यालाच बळ मिळतं.

ओला ब्रेक

बरोबर. दोन पुरेत, आणि तीही वेगवेगळ्या व्हेरियंटची. एकाच व्हेरियंटची दोन बुकिंग एकाच अडकलेल्या पार्टवर थांबतात. एक सहा सिलिंडर, दुसरं प्लग-इन हायब्रिड (इंजिनासोबत बाहेरून चार्ज करायची मोठी बॅटरी असलेली) असं करा. पण प्लग-इनची गाडी आवारात उभी असेल तर मोठ्या बॅटरीचा चार्जही स्क्रीनवर बघून घ्या. ती भरलेली असूनही 12 व्होल्टची छोटी बॅटरी मेलेली असू शकते, कारण गाडी झोपलेली असताना बऱ्याच मॉडेल्समध्ये मोठी बॅटरी छोटीला चार्ज करत नाही. अशी गाडी दारही उघडत नाही, चावीतलं धातूचं पातं काढून उघडावं लागतं.